माळ्याने मागून घेतलेले वर्ष

शास्त्रपाठ : लूक १३ : ६-९



प्रभू येशूने सांगितलेला हा दाखला अवघ्या चार वचनांचा आहे. एका मनुष्याच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. तीन वर्षे तो फळ पाहण्यास आला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातांनी परत गेला. शेवटी त्याने माळ्याला झाड तोडण्याची आज्ञा केली. फळ नाही, मग जमीन कशाला अडवायची, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, आणि माळ्यानेही तो चुकीचा म्हटला नाही. त्याने धन्याजवळ फक्त एक वर्ष मागितले, आणि त्या वर्षात आपण काय करणार तेही सांगून टाकले : बुंध्याभोवती आळे खणायचे आणि त्यात खत घालायचे.

या दाखल्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. पश्चात्तापाविषयी ऐकले, फळाविषयी ऐकले, कुऱ्हाडीविषयी तर फारच ऐकले. खताविषयी मात्र कोणी बोलत नाही. मीही इतक्या वर्षांच्या पाळकीय सेवेत कधी बोललो नाही. उपासनेच्या वेळी व्यासपीठावरून उकिरड्याची गोष्ट काढणे आपल्याला बरे दिसत नाही. प्रभूला मात्र तिची लाज वाटली नाही. वांझ झाडाच्या सुटकेचा उपाय म्हणून त्याने जी वस्तू सांगितली, ती लोकांनी टाकून दिलेली वस्तू होती. तेव्हा आज आपण त्या खताचाच विचार करू.

आम्हा इंदूरकरांना तर हा विषय परका वाटू नये, कारण खत करण्याच्या एका रीतीला जगभर आमच्या शहराचे नाव आहे. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड नावाचे शेतीशास्त्रज्ञ आपली पत्नी गॅब्रिएल हिच्यासह इंदूरला आले. त्याआधी १९०५ पासून ते बिहारात पुसा येथील सरकारी संशोधन केंद्रात होते. इंदूरला सुमारे ३०० एकर जमिनीवर 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभी राहिली, आणि १९३१ पर्यंत हॉवर्ड तिचे प्रमुख होते. गॅब्रिएलबाई स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. १९३० साली त्या निवर्तल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांच्या नावाने शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि 'इंदूर पद्धत' जगाला ठाऊक झाली. एवढे शिकलेले हॉवर्ड शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडीला आपले प्राध्यापक मानीत. ज्यांना कोणी विचारत नव्हते त्यांच्या पायांशी ते बसले, म्हणून त्यांना शिकता आले.

पद्धत साधी आहे. खड्डा साधारण ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि खोल मात्र दोनतीन फूटच. कारण त्याहून खोल केला तर तळापर्यंत हवा जात नाही. त्यात एकावर एक थर द्यायचे : पालापाचोळा, तण, तुराट्या, पऱ्हाट्या, त्यावर शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, चुलीतली राख, आणि बेताचे पाणी. पऱ्हाट्या कडक असतात, सहज कुजत नाहीत. म्हणून त्या आधी शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या, चाकांखाली चिरडू द्यायच्या आणि मग खड्ड्यात घ्यायच्या. नव्या खड्ड्यात दुसऱ्या, चांगल्या चाललेल्या खड्ड्यातले थोडे मिश्रण घालायचे, जसे आपण दुधाला विरजण लावतो. काही दिवसांत खड्डा आतून तापू लागतो. ही उष्णता ६० अंशांच्याही वर जाते, आणि तिच्यात तणाचे बी व रोगाचे जंतू मरतात. मग तो खालीवर करायचा : एकदा साधारण पंधरवड्याने, पुन्हा महिन्याने, पुन्हा दोन महिन्यांनी. तीन महिन्यांच्या अखेरीस हाताशी येते ती काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची माती.

हे काम कोण करतो? मनुष्य थर लावतो, पाणी शिंपतो, फावडे चालवतो; पण पानाची माती करणे त्याच्या हाती नाही. ते काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. ओंजळभर चांगल्या मातीत ते कोट्यवधींनी असतात. आपण झोपलेले असतो तेव्हाही ते टाकलेल्याचे पुन्हा अन्न करीत असतात. देवाने आदामाला मातीतून घडवले असे आपण उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात वाचतो, आणि त्याच अध्यायात देव त्याला बागेची मशागत व राखण सोपवतो. ज्या मातीचे आपण झालो तिची सेवा हेच मनुष्याला नेमून दिलेले पहिले काम.

आता आमच्या आवारातली गोष्ट सांगतो. चर्चच्या मागे आंब्याची आणि कडुनिंबाची मोठी झाडे आहेत. त्यांचा पाला आम्ही पोत्यांत भरून नगरपालिकेच्या गाडीत टाकत होतो, आणि गुलाबाच्या वाफ्यांसाठी खताची पिशवी बाजारातून विकत आणत होतो. आमच्या मंडळीतले एक वृद्ध वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्यांनी उभा जन्म लोकांच्या बागांत काम केले. ते एक दिवस म्हणाले, "साहेब, आपण सोने गाडीत घालतो आणि माती विकत घेतो."

खड्डा करावा असे ठरले. पण त्या सभेत एक भगिनी उठल्या आणि त्यांनी जे विचारले ते मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, ज्या टोपलीतून आमचे आजोबा सुटले, ती टोपली आमच्या पोरांच्या डोक्यावर परत का देता?" सभा शांत झाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत ही आठवण आहे. गावाची घाण उचलणे, मेलेले ढोर ओढणे हे जन्माने लादलेले काम टाकून आपले वाडवडील प्रभूकडे आले, आणि मिशनच्या शाळेत पाटी-पेन्सिल हाती आली तेव्हा त्यांनी टोपली कायमची खाली ठेवली. हाताने मैला उचलायला लावणे हा आपल्या देशात १९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी ते ओझे सगळ्यांच्या डोक्यावरून अजून उतरलेले नाही.

त्या बहिणीला उत्तर आबांनीच दिले. ते म्हणाले, "बाई, पाप शेणात नव्हते. एकाने घाण करायची आणि दुसऱ्याने उचलायची, यात पाप होते. इथे ज्याचा पाला त्याचेच फावडे. पहिले फावडे साहेब मारतील." मग मला कोट काढून ठेवावा लागला. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांची यादी आहे. तिथे चौदाव्या वचनात उकिरड्याकडच्या वेशीची दुरुस्ती कोणी केली ते लिहिले आहे : मल्कीया नावाच्या एका अधिकाऱ्याने, जो एका प्रांताचा सुभेदार होता. त्याने ते काम दुसऱ्यावर ढकलले नाही, आणि शास्त्राने त्याचे नाव त्या वेशीसह जपून ठेवले. अंजिराच्या झाडाचा माळीही धन्याला मजूर मागत नाही. खणणारा तोच आणि खत घालणाराही तोच.

पण आमचा पहिला खड्डा बिघडला. नाताळच्या प्रीतिभोजनाचे उरलेसुरले अन्न आम्ही त्यात ओतले, आणि लोकांना दिसू नये म्हणून वर ताडपत्री घट्ट बांधली. आठ दिवसांत अशी दुर्गंधी सुटली की शेजारी दाराशी आले. आबा तेव्हा आजारी होते. बरे झाल्यावर ते काठी टेकत आले, ताडपत्री ओढून काढली आणि म्हणाले, "हे कुजत नाही, हे सडते आहे. तुम्ही याचा श्वास कोंडलात."

बंधुभगिनींनो, कुजणे आणि सडणे यांतला हा भेद मला तोवर ठाऊक नव्हता. वस्तू तीच असते. तिला हवा मिळाली, सोबत कोरडा पाला आणि माती मिळाली, वेळोवेळी खालीवर केली, तर ती तापते, शांत होते आणि माती बनते. तीच झाकून, दाबून, पाण्यात लोळत ठेवली, तर हवेवाचून जगणारे दुसरेच जंतू तिचा ताबा घेतात, आणि मग दुर्गंधी सुटते. आबांनी आम्हा चौघांकडून तो सगळा ढीग उपसून घेतला. त्यात कोरडी पाने, चाळलेली माती आणि राख मिसळून तो पुन्हा सैलसर भरला. थोड्याच दिवसांत वास गेला. आत हात घातला तर ऊब लागत होती.

मनुष्याच्या पापाचेही असेच आहे. जे आपण लाजेने झाकतो आणि घट्ट बांधतो ते आत सडते, आणि त्याचा वास आपल्याआधी शेजाऱ्यांना येतो. जे देवापुढे आणि विश्वासू भावापुढे उघडे केले जाते त्याला हवा लागते. दाविदाने बत्तिसाव्या स्तोत्रात हेच आपल्या अनुभवाने सांगितले आहे : गप्प राहिला तोवर त्याची हाडे झिजली, पाप कबूल केले तेव्हा सुटका झाली.

त्याच जानेवारीत पंचांच्या बैठकीत एका तरुणाचा विषय निघाला. हे मी त्याला विचारून लिहितो आहे. तो दारूच्या नादी लागला होता. मंडळीतल्या पाचसहा जणांकडून उसने पैसे घेतले होते आणि एकालाही परत केले नव्हते. तरुण संघाच्या पेटीतली रक्कमही त्याच्याच हातून गेली होती. तीन वर्षे समज देऊन झाली होती. सभासदांच्या यादीतून त्याचे नाव काढावे असा ठराव तयार होता, आणि तो लिहिणारा मीच होतो. माझाही हिशेब चुकीचा नव्हता.

आबा शेवटी बोलले. त्यांनी दाखला वाचून दाखवला नाही, उपदेशही केला नाही. ते म्हणाले, "साहेब, एक वर्ष द्या. शनिवारी त्याचा पगार होतो. शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा राहीन आणि त्याला घरी घेऊन जाईन." ते ७९ वर्षांचे आहेत. कोणी विचारले, "आबा, आणि तो आला नाही तर?" ते म्हणाले, "तर पुढच्या शनिवारी उभा राहीन." ठराव मी घडी करून खिशात ठेवला.

माळ्याच्या विनंतीचे खरे मोल मला त्या दिवशी कळले. आणखी एक वर्ष द्या असे म्हणणे सोपे आहे. आपणही पुष्कळदा म्हणतो, आणि ते वर्ष जसे आले तसे निघून जाते. कारण आपण झाडाला मुदत देतो पण फावडे उचलत नाही. माळ्याने मुदत झाडासाठी मागितली आणि काम स्वतःकडे घेतले.

याच गोष्टीचा एक दाखला इथून फार दूरच्या समुद्रकिनाऱ्यावर पाहायला मिळतो. १९८९ साली २४ मार्चला, आणि तो उत्तम शुक्रवार होता, अमेरिकेत अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्झॉन वाल्डीझ' नावाचे तेलवाहू जहाज खडकावर चढले. सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले आणि दोन हजार किलोमीटरांहून अधिक किनाऱ्याला त्याचा उपद्रव झाला. अडीच लाखांच्या आसपास समुद्रपक्षी मेले असावेत असा अंदाज आहे. माणसांनी घाईघाईने जोरदार गरम पाण्याचे फवारे मारून खडक धुतले. पुढे असे दिसून आले की त्या फवाऱ्यांनी तेलाबरोबर किनाऱ्यावरचे जीवही मारले. दुसरा उपाय शांत होता. तेल खाणारे सूक्ष्म जीव त्या किनाऱ्यावर मुळातच होते. फक्त इतके तेल संपवायला लागणारे नत्र आणि स्फुरद त्यांच्यापाशी नव्हते. शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणी त्या गोट्यांवर खत घातले. जीव वाढले आणि तेल अधिक वेगाने नाहीसे होऊ लागले. विषारी झालेल्या किनाऱ्यालाही उपाय सापडला तो माळ्याचाच.

पण सत्य पूर्ण सांगितले पाहिजे. कित्येक वर्षांनंतरही त्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू-गोट्यांखाली तेल तसेच सापडत राहिले. विशेषतः जिथे हवा पोहोचत नव्हती तिथे. शिवाय प्रत्येक विष असे खाल्ले जात नाही. शिसे आणि पारा कोणत्याही जंतूला संपवता येत नाहीत. काच, प्लॅस्टिक आणि बॅटरी खड्ड्यात गेली तर खतच बिघडते. त्या आधी वेचून काढाव्या लागतात. आमच्या शहराने हे वेचणे घराघरांतून शिकून घेतले, म्हणून २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छ शहरांत त्याचा पहिला क्रमांक आला. ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत करणारा, रोज ५५० टन कचरा घेणारा कारखाना २०२२ साली देवगुराडियाला सुरू झाला तो याच वेचण्याच्या बळावर. वेगळे केल्यावाचून काहीच परत येत नाही.

म्हणून कृपा म्हणजे सगळे चालते असे कोणी समजू नये. दाखल्याच्या अगोदरच्या वचनांत प्रभू पश्चात्तापाविषयी किती कठोर बोलला आहे ते घरी जाऊन वाचा. माळ्यानेही कुऱ्हाड नाकारली नाही; वर्षाअखेरीस धन्याचा अधिकार त्याने मान्य केला. त्या तरुणाने उसने पैसे फेडलेच पाहिजेत, आणि पेटीतली रक्कमही. ती काच आहे. ती वेचून बाहेर काढली पाहिजे. दर महिन्याला थोडी थोडी रक्कम तो आणून देतो, आणि आबा ती वहीत लिहून घेतात.

तो सुधारला का, असे तुम्ही विचाराल. मला सांगता येत नाही. हे लिहिताना त्या वर्षाचे सहा महिने गेले आहेत. या काळात तो दोनदा पडला. एका शनिवारी आबा रात्री नऊपर्यंत फाटकाशी उभे होते आणि तो मागच्या दाराने निघून गेला होता. पुढच्या शनिवारी ते पुन्हा गेले. आता पावसामुळे मंडळीतले आणखी दोघे जण पाळीपाळीने जातात. ज्या भगिनीने टोपलीविषयी विचारले होते तिचा मुलगा त्यांतला एक आहे. लूकाच्या शुभवर्तमानात तरी झाडाला फळ आले की नाही ते कुठे सांगितले आहे? प्रभूने गोष्ट तिथेच थांबवली. ऐकणाऱ्याला उत्तर मिळत नाही. त्याच्या हाती एक वर्ष मिळते.

प्रिय जनहो, तुमच्या मंडळीत असे झाड असेल. तुमच्या घरात असेल. कदाचित ते झाड तुम्ही स्वतः असाल आणि आपली मुदत संपली असे तुम्हाला वाटत असेल. तुम्हाला मला एकच सांगायचे आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थानाच्या सकाळी मरीया मग्दालीया कबरेजवळ रडत उभी होती. प्रभू तिच्यासमोर आला आणि तिला तो माळी वाटला. आपण म्हणतो ती चुकली. मला वाटते ती फारशी चुकली नाही. वेशीबाहेर, जिथे लोक नकोशा वस्तू टाकतात तिथे, त्याला नेऊन टाकले होते. तिथूनच तो उठून बागेत आला. टाकलेल्यातून जीवन काढणे हे त्याचे काम आहे, आणि तुमच्यासाठी वर्ष मागणारा तोच आहे.

आमच्या आवारातला दुसरा खड्डा जूनमध्ये उघडला. ते खत गुलाबांना घातले, आणि एक पाटी त्या तरुणाने आपल्या आईच्या तुळशीबागेशेजारच्या भाड्याच्या घरी नेली. तिच्या दारात पेरूचे झाड आहे, फळ न धरणारे. आळे त्याने स्वतः खणले.

प्रार्थना करू या : हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला मातीपासून घडवलेस आणि आम्ही माती आहोत हे तू विसरत नाहीस. जे आम्ही लाजेने झाकून ठेवले आहे ते तुझ्या उजेडात उघडण्याचे धैर्य आम्हांला दे. ज्यांना आम्ही टाकून दिले त्यांच्यापाशी आम्हांला परत पाठव, आणि रिकाम्या हातांनी पाठवू नकोस. जो आमच्यासाठी मध्यस्थी करतो त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.